भरीत पार्टी, सहल, स्नेहमेळावा: खान्देशातल्या मालक-व्यवस्थापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत माणसं सांभाळणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. कोणाची दाल मिल असते, कोणाचा चटईचा किंवा पाइपचा कारखाना, कोणाची जिनिंग, कोणाची सराफी पेढी, तर कोणी पतसंस्थेचा व्यवस्थापक. उत्तरं याच मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मोठ्या शहरातल्या कंपन्यांचे रिसॉर्ट आणि दोरीवर लटकण्याचे खेळ इथे सापडणार नाहीत.

अशा कार्यक्रमांनी खरंच फरक पडतो, की नुसता खर्चच होतो?

कसा करता त्यावर आहे. नुसतं एका लॉनवर सगळ्यांना सोडून जेवण लावलं तर माणसं आपापल्या कंपूतच जेवतात. पॅकिंगवाले पॅकिंगवाल्यांशी, ऑफिसवाले ऑफिसवाल्यांशी, एकाच गावचे एका पंगतीत. २०१३ साली 'ऑर्गनायझेशन सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या कंपन्यांच्या पार्ट्यांवर एक अभ्यास आला होता. पार्टीला गेल्यावर सहकाऱ्यांशी जवळीक वाढते का, हे त्यात तपासलं होतं. जे आधीच एकमेकांसारखे होते त्यांची वाढली. ज्यांचा वंश बाकीच्यांपेक्षा वेगळा होता त्यांना पार्टीला जाऊनही तसा फायदा दिसला नाही. तिकडे वंश, आपल्याकडे गाव, जात, बोली आणि 'कायम' की 'कंत्राटी'. अहिराणी बोलणारे एका बाजूला, लेवा बोलीतले दुसऱ्या बाजूला आणि बिहार-यूपीची पोरं तिसऱ्या कोपऱ्यात, हे दृश्य एमआयडीसीत काम केलेल्या कोणालाही नवीन नाही.

म्हणून माझं सांगणं एकच असतं: कार्यक्रमात लोकांना पाहुणे बनवू नका, हाताला काम द्या. डिस्पॅचचा माणूस आणि अकाउंट्सचा माणूस वर्षानुवर्षं फोनवर एकमेकांवर खेकसत असतात. दोघांनी शेजारी बसून दोन किलो लसूण सोलला की पुढचं चुकलेलं बिल साहेबापर्यंत न जाता "भाऊ, हे जरा बघ ना" इथेच मिटतं. फायदा होतो तो एवढाच, पण तो रोज होतो.

पगार दोन महिने मागे आहे. लोकांचं मन वळवायला एखादी पार्टी ठेवू का?

नाही. त्या पैशांत निदान काहींचा थकलेला पगार निघेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं की पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, आणि ती नाराजी दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. शेडमध्ये पंखा नसताना हॉटेलात जेवण दिलंत तर लोक जेवतील आणि हात धुता धुता पंख्याबद्दलच बोलतील. आमच्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच.

खान्देशात सगळ्यात चांगला कार्यक्रम कोणता?

भरीत पार्टी. यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर हिवाळ्यात घाला, शेतात बसून.

कारण चवीचं आहेच, पण त्याहून ते कामाच्या वाटपाचं आहे. केटररला बोलावून तयार भरीत वाढलं तर अर्धा फायदा गेला. शेत कोणाचं तरी असतंच, तुमच्याच एखाद्या सुपरवायझरचं असेल. वांगी ती हिरवी, मोठी, भरताची. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि बामणोदच्या वांग्याचं नाव निघालं की लोक अजून आवाज चढवतात. तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर वांगी रचायची आणि काठीने फिरवत राहायचं. हे काम अनुभवी हाताला द्या, कारण जाळ मोठा झाला तर साल कोळसा होते आणि आत कच्चं राहतं. आणि इथेच गंमत होते. जाळावर उभा राहणारा तो अनुभवी हात बहुतेक वेळा लोडिंगचा किंवा बॉयलरवरचा माणूस निघतो, आणि प्रॉडक्शन मॅनेजर त्याच्या हाताखाली काठ्या मोडून देत असतो. वर्षातून एक दिवस हुकूम उलटा चालतो आणि कोणालाच त्याचं वाईट वाटत नाही.

वांगी भाजली की सोलायला आठ-दहा जण गोल करून बसतात. बोटं भाजतात, फुंकर मारतात, चिडवाचिडवी सुरू होते. सोललेला गर लाकडी बडजीत घालून ठेचायचा. दुसरीकडे तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. पुऱ्या लाटायला एक टोळी, तळायला दुसरी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करणाऱ्या एक-दोन ताई असतील तर त्यांना आधी मानाने विचारा. 'बाया आहेत, करतील' असं गृहीत धरू नका. पुऱ्या लाटण्याच्या टोळीत पुरुषही पाहिजेत. त्यांच्या पुऱ्यांचे नकाशे होतात, तेवढाच हशा.

टोळ्या चिठ्ठ्या टाकून पाडा. एकाच खात्याची माणसं एका टोळीत येऊ देऊ नका. अख्ख्या कार्यक्रमातली हीच एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. बाकी सगळं लोक आपोआप करतात.

कोणत्या महिन्यात ठेवावा?

भरिताला थंडी हवी. चातुर्मासात वांगं न खाणारी बरीच घरं आहेत, आणि काही जण तर मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत थांबतात. चंपाषष्ठीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ निर्धोक. पुढे दादर ज्वारी हुरड्यावर आली की हुरडा पार्टीही होते.

पण आधी तुमचा धंदा बघा. जिनिंगवाल्यांचा हंगाम नेमका हिवाळ्यात भरात असतो, तुरीची आवक सुरू झाली की दाल मिलवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्यांनी हंगाम सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर करावं. धनत्रयोदशी आणि लग्नसराईच्या तोंडावर सराफांनी विचारही करू नये.

एप्रिल-मेमध्ये उघड्यावर काहीही ठेवू नका. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा 'फन गेम्स' म्हणजे शिक्षा. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कार्यक्रम अजिबात नको. लेकी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, त्या दिवशी माणसाला घरीच जायचं असतं. तेव्हा सुट्टी द्या. मनोबल म्हणतात ते याने जास्त वाढतं आणि खर्चही कमी होतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचा उत्सव असतो. रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी एकत्र जमते, त्यामुळे त्या रविवारी बोलावलंत तर अर्धा स्टाफ येणार नाही आणि आलेला अर्धा घड्याळ बघेल. नंदुरबारकडच्या युनिटनी होळीचे दिवस आणि ९ ऑगस्टचा आदिवासी दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत.

सहल न्यायची तर कुठे?

जाऊन-येऊन एका दिवसात उरकेल आणि अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचतील अशी जागा निवडा. जळगावहून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. लेणी सोमवारी बंद असतात, हे सोमवारी साप्ताहिक सुट्टी असणाऱ्यांनी बस ठरवण्याआधी वाचावं. फर्दापूरच्या फाट्यावरून पुढे तिथल्या बसने जावं लागतं, गर्दीच्या दिवशी त्यात वेळ जातो. एरंडोलजवळ पद्मालय, चाळीसगावकडे पाटणादेवी, रावेर तालुक्यात पाल, यावलकडे मनुदेवी, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव. जळगावातच जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे. धुळेकरांना लळिंगचा किल्ला हाकेच्या अंतरावर. नंदुरबार-शहाद्याकडच्यांना तोरणमाळ आहे, पण घाटाचा रस्ता आहे, ड्रायव्हर जाणता घ्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. तिथे न्यायला मजा आहे, फक्त माणसं हरवतात.

धरण, धबधबा आणि डोह यांच्याबाबत माझं मत कडक आहे. पावसाळ्यात नेऊच नका. पन्नास माणसांत दोन जण पाण्यात उतरणारच, आणि त्यांना थांबवायला कोणी मोकळा नसतो.

महिला कर्मचारी येतच नाहीत. त्यांना आवड नाही असं समजायचं का?

आवडीचा प्रश्न क्वचितच असतो. वेळ विचारा, मग समजेल. कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू, साहेब साडेसातला येणार, जेवण नऊला. नशिराबाद किंवा कुसुंब्याला परत जायचं असलेली बाई यात बसतच नाही. तिची एसटी गेलेली असते, घरी स्वयंपाक बाकी असतो, आणि नवरा-सासू विचारतात ते वेगळंच. सकाळी अकराला सुरू करा, चारला संपवा, परतीची गाडी दारापर्यंत द्या, स्वच्छतागृह आहे की नाही ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. शेतात कार्यक्रम असेल तर हे शेवटचं काम कोणालाच सुचत नाही, आणि बायका त्यावरूनच यायचं की नाही ते ठरवतात. लहान मूल सोबत आणायची मुभा द्या.

कायद्याचंही समजून घ्या. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही. कामानिमित्त जिथे गेलो ती जागा आणि मालकाने दिलेली गाडी, दोन्ही 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत येतात. सहलीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून झालेली शेरेबाजी ही 'मजाक' म्हणून सोडून देता येत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि त्या समितीतली एक तरी बाई सहलीला बरोबर असावी.

कंत्राटी कामगारांना बोलवायचं का? ते आमच्या पटावर नसतात.

बोलवायचं. सगळ्यात जास्त मनं इथेच दुखावतात. एकाच मशीनवर दोघं शेजारी उभे, एकाला दिवाळीला मिठाईचा डबा आणि जेवणाचं आमंत्रण, दुसरा गेटवर उभा राहून बस सुटताना बघतो. हे बघितलेला माणूस पुढचे सहा महिने तुमच्यासाठी पाच मिनिटंही जास्त थांबणार नाही, आणि त्याचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही. ठेकेदाराशी त्या दिवसाच्या मजुरीचं आधी बोलून घ्या, नाहीतर जेवायला आलेल्या माणसाचा खाडा पडायचा. वॉचमन आणि सेकंड शिफ्ट यांचा डबा वेगळा काढून ठेवा. जेवण उरलं तर देऊ, असं नको. पहिल्या पंगतीच्या आधीच काढायचा.

दारूचं काय? 'पार्टी' म्हटलं की पोरं तेच विचारतात.

कंपनीच्या पैशांत नाही, कंपनीच्या कार्यक्रमात नाही, कंपनीच्या बसमध्ये नाही. आमंत्रणातच 'स्नेहभोजन' लिहा, पार्टी लिहू नका. लोक नंतर स्वतःच्या पैशाने काय करतात ते तुमचं नाही. मात्र दुचाकीवरून हायवेने परतणार असतील तर तेवढं तरी विचारा.

जेवणात सगळ्यांना चालेल असं काय ठेवावं?

शाकाहारी ठेवा, भांडण संपतं. तरी जैन मंडळींना वांगं, कांदा, लसूण चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात वरण-बट्टी करा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार टाळा. रमजानात दुपारचं जेवण ठेवून मुस्लिम सहकाऱ्यांना नुसतं बसवून ठेवू नका. तारीख पुढे ढकला, नाहीतर त्या महिन्यात एका संध्याकाळी इफ्तार ठेवा. शेवभाजी ठेवाल तर तिखट दोन प्रकारचं करा. बाहेरगावच्या इंजिनिअरला आमचा झणका पहिल्याच घासाला झेपत नाही आणि लोकांना त्याचीच करमणूक होते. पत्रावळीऐवजी केळीची पानं वापरा, केळीच्या जिल्ह्यात त्याला काय तोटा!

खर्च कोणी करायचा? वर्गणी काढली तर चालेल?

मालकाने करावा. पगारातून परस्पर कापून तर मुळीच नको. वेतनातून कोणत्या कपाती चालतात ते कायद्याने ठरवून दिलं आहे आणि स्नेहभोजन त्या यादीत नाही. लोक आपणहून काही आणतात, कोणी शेतातली मिरची, कोणी घरचे उडदाचे पापड, कोणी केळीचा घड. ते आनंदाने घ्या आणि कोणी काय आणलं ते सगळ्यांना सांगा. हिशेबाच्या बाजूने एक गोष्ट: बाहेरच्या केटरिंगवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिट साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे बजेट कराच्या रकमेसकट धरा. बाकी तुमच्या सीएला विचारा.

भरीत पार्टीचा अंदाज सोपा आहे. माणशी पाव किलोच्या थोडी वरच वांगी धरा, भाजल्यावर साल, देठ आणि पाणी जाऊन बरंच कमी होतं.

हजेरी सक्तीची करावी का?

सक्ती केली की ती ड्यूटी झाली, आणि ड्यूटी म्हणून आलेला माणूस भरीत खाऊनही तोंड वाकडंच ठेवतो. शक्यतो कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, भरपगारी ठेवा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवायचाच असेल तर बदली सुट्टी द्या. कपाशी वेचणीच्या दिवसांत आपल्या बऱ्याच कामगारांची सुट्टी शेतात जाते. ती तुम्ही घेतलीत तर मजुरी त्याच्या खिशातून जाते.

सत्कार, भाषणं, 'उत्कृष्ट कामगार' पुरस्कार?

भाषण दहा मिनिटं, सगळ्यांचं मिळून. पाहुणे बोलावू नका. प्रमुख पाहुणे आले की शाल-श्रीफळ आलं, उशीर आला, आणि वांगी गार झाली.

पुरस्काराबद्दल मला शंका आहे. एकाला ट्रॉफी मिळते आणि बाकीचे कारण शोधत बसतात: साहेबांच्या गावचा आहे म्हणून, पुढेपुढे करतो म्हणून. त्यापेक्षा नेमकं काम सांगून आभार माना. "जूनमध्ये वादळात पत्रे उडाले, तेव्हा आबांनी रात्री येऊन कच्चा माल झाकला." असं बोललेलं माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो. अशी उदाहरणं दहा-बारा जणांची गोळा करा, आणि ती सुपरवायझरकडून गोळा करू नका, शेजारी काम करणाऱ्यांकडून करा.

क्रिकेट स्पर्धा घेतली तर?

घ्या, पण तो एकमेव कार्यक्रम ठेवू नका. अकरा खेळतात, बाकीचे उन्हात टाळ्या वाजवतात, आणि पन्नाशीतला फिटर हॅमस्ट्रिंग धरून बसतो. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, अंताक्षरी यात सगळे येतात. अहिराणी गाणी लावली की नाचायला कोणाला सांगावं लागत नाही, अगदी कॅशियरही उठतो.

कुटुंबांना बोलवावं का?

वर्षातून एकदा, आणि तो दिवस तयारच आहे: खंडेनवमी-दसऱ्याची मशीनपूजा. कारखाना धुतलेला असतो, मशीनला झेंडूच्या माळा असतात, काम बंद असतं. कामगाराच्या मुलाला बाप रोज नेमकं काय करतो ते बघायला दुसरी संधी मिळत नाही. बापालाच सांगू द्या. "हे माझं मशीन, इथून पाइप निघतो" असं सांगताना त्या माणसाचा आवाज बदलतो. मुलांना मशीनपासून लांब ठेवायला दोरी बांधा, मेन स्विच बंद करून त्यावर माणूस बसवा.

फोटो ग्रुपवर टाकायचे का?

ऑफिसच्या ग्रुपवर टाका. फेसबुक-इन्स्टावर टाकण्याआधी विचारा, विशेषतः नाचतानाच्या व्हिडिओंबद्दल. गावाकडे ते व्हिडिओ पोचतात आणि त्रास बाईला होतो.

आमच्याकडे सहाच माणसं आहेत. दुकानाला हे लागू होतं का?

सहा माणसांत कार्यक्रम कशाला, घरी जेवायला बोलवा. मालकाच्या घरी, त्याच्याच ताटासारख्या ताटात, त्याच्या शेजारी बसून. दुकानात वर्षभर 'शेठ' म्हणणारा पोऱ्या त्या दिवशी वहिनींशी बोलतो आणि आई आजारी असल्याचं तेव्हा कळतं.

परिणाम कसा मोजायचा?

स्मायली काढायला लावणारे फॉर्म वाटू नका, सगळे हसरा चेहराच भरतात. दुसऱ्या सोमवारी फ्लोअरवर फिरा. दोन खात्यांतला निरोप आता थेट जातो की अजून तुमच्यामार्फत? एकाच्या गैरहजेरीत दुसरा आपणहून मशीन सांभाळतो का? नव्याने लागलेलं पोरगं डबा कोणाबरोबर खातं? याच तीन गोष्टी दोन महिन्यांनी परत बघा. फरक दिसत नसेल तर पुढच्या वेळी जेवणाचा मेनू बदलू नका, टोळ्या बदला.

पहिल्यांदाच करतोय. तयारी कुठून सुरू करू?

माणसांपासून. पाच जणांची समिती करा: एक ऑफिसचा, दोन फ्लोअरचे, एक महिला, एक कंत्राटी. मालक किंवा मॅनेजर त्यात नको, त्यांनी फक्त रकमेचा आकडा सांगून बाजूला व्हावं. तीन आठवडे आधी तारीख, दोन आठवडे आधी शेत आणि गाडी पक्की करा. आठवडाभर आधी चिठ्ठ्या टाकून टोळ्या लावा, म्हणजे कामाची बोलणी तेव्हापासूनच सुरू होतात. जाळाजवळ पाण्याची दोन पिंपं, भाजल्यावरचं मलम, फर्स्ट-एडचा डबा. शेताच्या आजूबाजूला उभी तूर किंवा वाळलेला चारा असेल तर जाळाची जागा बदला. वांगी आदल्या दिवशी सकाळी मळ्यातून थेट आणा आणि समितीतल्या जाणत्याला निवडू द्या. बी धरलेली निब्बर वांगी एकदा बडजीत पडली की मग काहीच करता येत नाही.